बोडीच्या फारमात कोनाचं नाव

सानगडी, १२ जून २००५

चि. तृप्तीले पार्वता आत्याचा स. जयभीम, अ. आ.

तुह्या साहेबाचं पोट बरं आहे ना? माह्या कोंबड्यायचे चार अंडे खाल्ले, अन् कोंबड्या कोन पोसते हे इचारलं माह्या भासऱ्याले! असा कसा व तुमच्या केंद्राचा मासोळी-कोंबडीचा अभ्यास?

हासू नको. रागानं पेटली आहो मी. भासरे खाटेवर, अन् मी दाराआड. त्यायच्यासमोर धाकट्या भावाची बाई बोलत नाही, हे साहेबाले माहीत नसन, तुले त माहीत होतं. बोडीतल्या मासोळ्या कोन पाहते असं साहेबानं म्हनलं, त मिशीवर हात फिरवून म्हनाले का मीच. तुहे मामाजी, माहे मालक, गेले तवापासून नऊ वर्सं त्या एवढ्याशा तळ्यात शेन मी टाकलं, कोंडा मी टाकला, बगळे मी हाकलले. भासरे एकदाच बोडीत उतरले, तेही म्हशीनं ओढलं म्हनून. मी दाराआडून तीनदा कडी वाजवली. तुनं दाराकडं पाह्यलं, अन् मंग त्यायचंच नाव लिहिलं.

आता कागद आला. तुमच्या केंद्राचं मासोळीचं बीज त्यायच्या नावानं, बोडीही तीन वर्सं त्यायच्या ताब्यात. माह्या पोराले, अंकुशले, बोडीवर बसवतो, तू आराम कर, असं भासऱ्यायनं सांगून पाठवलं. आराम मी मेल्यावर करीन. माही बोडी चालली, अन् ते बी तुह्या पेनानं!

मासोळी मांगाले येऊ नको.

तरीबी तुहीच,
पार्वता आत्या

भंडारा, १७ जून २००५

ती. आत्यास तृप्तीचा स. जयभीम.

आत्या, कडी मी ऐकली होती. खोटं नाही सांगत. फारमात कुटुंबप्रमुखाची एकच ओळ, साहेब नवे, अन् माझी नोकरी अकरा महिन्यांची. घाबरली मी. लाज वाटून राहिली.

साहेबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हशीपर्यंत हसले, पुढं नियमांचा कागद काढला. म्हणाले, जी काम करते तिनं स्वतः सांगितलं अन् दोघींनी साक्ष दिली तर नाव बदलता येते. यादी तीस जूनला बंद होते. पण तुझ्या भासऱ्यांच्या, आनंदरावजींच्या अंगणात आलो तर तू पुन्हा दाराआडच. कुठं येऊ, तूच सांग.

रागाव, पण माया आटू देऊ नको.

तुझी,
तृप्ती

सानगडी, २१ जून २००५

चि. तृप्तीले अ. आ. (आशीर्वाद अर्धेच. बाकीचे नाव लिहिल्यावर.)

शनिवारी सकाळी बोडीवर ये, आम्ही धुनं धुतो त्या दगडापाशी. धाकट्याची बाई धुन्यावर असली का भासरा बांध चढत नाही. रीत त्यायचीच, मी नाही काढली. तुहा साहेब थोडाच माहा भासरा होय? त्याले सांग, खुर्ची भेटनार नाही, पाय ओले होतीन. शेजारची कुंताबाई अन् गिरजाबाई साक्षीले हायेत. मासोळी काय खाते ते गिरजाबाईची म्हातारी सासूबी सांगन, पन फारमात बाईची ओळ आखून आन. नाव माह्या डोळ्यासमोर लिहाचं. पेन थांबला त तुलेच बोडीत ढकलीन.

भासरे बांधापल्याड खोकत बसतीन. बसू दे. मी दाराची कडी उपसून त्यायच्या खाटेवर ठेवून येईन. काही सांगाचं असन त वाजवतीन बापडे.

येतानी पायली घेऊन ये, कोंडा मोजून दाखवाचा आहे. मासोळीचं मंग पाहू.

तुही,
पार्वता आत्या