तुंबलेली शीर

चि. धाकटीस, थोरलीचे पडल्यापडल्या आशीर्वाद.

आधी तक्रार. इथल्या इस्पितळात खाटेचा डोक्याकडचा भाग उंच ठेवतात. रात्रभर मी घसरत पायथ्याशी पोहोचते आणि सकाळी नर्सबाई मला पोत्यासारखं वर ओढतात. माझ्या वयाला इतकी घसरण शोभत नाही.

बाकी मी ठीक आहे. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली आहे आणि तिच्या मागे थोडं रक्त झिरपलंय. त्यावर रक्त पातळ करायचं इंजेक्शन निघालं, तेव्हा तुझे भावोजी दार अडवून उभे राहिले. "रक्त झिरपतंय आणि तुम्ही ते आणखी पातळ करणार?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मोरी तुंबली म्हणून पाणी बाहेर आलंय. नुसती फरशी पुसून काय होणार? आणि 'पातळ' हे आपलं म्हणायचं. औषध गुठळी वाढू देत नाही. ती विरघळवतं शरीरच."

मोरी म्हटल्यावर भावोजींना पटलं. आमच्याकडची तेच उपसतात.

डावीकडचं अजून जरा धूसर दिसतं, तेव्हा वाकड्या ओळींना नावं ठेवू नकोस. गोळ्या बरेच महिने घ्यायच्या आहेत आणि मी एकही चुकवणार नाही. आईला काय सांगितलंस? ती नीट जेवते ना?

"ताई, ही तुझी नेहमीची अर्धशिशी नाही, आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठ," असं तू फोनवर म्हणालीस. "मोठी धन्वंतरी लागून गेलीस," असं म्हणत मी निघाले. उशीर झाला असता तर नजर गेली असती, म्हणतात.

तेव्हा म्हणायचं राहिलं, ते आता लिहिते. तुझं बरोबर होतं.

तुझी,
ताई