दार लावून घेतलेलं नाव

कामठा, १९३६

दादा,

ह्यांची, तुझ्या जवाईबापूंची, वाचा लकव्यानं गेली, हे तुला कळलंच. वैद्यबुवा म्हणाले, "बाई, लेकरावानी एकेक नाव शिकव." लोटा, धान, बैल जमलं. मग छातीवर हात ठेवून ह्यांनी विचारलं, "हे?"

उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव घेऊ नये, ही मायची शिकवण. मी म्हटलं, "मालक."

काल वैद्यबुवांनी नाव विचारलं, तर हे म्हणाले, "मालक." सारे हसून राहिले. हे रडले.

तू हे मायला वाचून दाखवशील, म्हणून पत्र धाडणार नाही. आज दार लावून मी म्हटलं, "डोमनलाल." ह्यांनी तीनदा म्हणून पाहिलं. मग माझ्याकडे बोट केलं, "हे?"

बावीस वर्षं ह्यांच्या हाकेत मी नुसती 'अवो' होते. दादा, मला पटकन आठवेचना.

तुझी बहीण,
गोमती