बाबांच्या ताब्याचा अकरा कलमी करार

ती. ताई,

वाकून नमस्कार (वाकल्यावर कंबर धरली, म्हणून पुढचं बसून लिहितो). तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि तुझा माझ्यावरचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. माझं काही बरं नाही.

बाबा सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे, हा करार मीच लिहिला. आंतरराष्ट्रीय कायद्याची नैतिकता शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या हातून साधी चिठ्ठी निघेल कशी! पण तुझ्या जुलै ते डिसेंबरमध्ये माझ्या जानेवारी ते जूनपेक्षा तीन दिवस जास्त भरतात हे माझ्या लक्षात आलं नाही, तुझ्या मात्र अचूक आलं. (लहानपणी बिस्किटं वाटतानाही तुझी नजर अशीच असायची.) म्हणून बाबांना तीन दिवस आधीच बसस्टँडवर आणते, असं तू कळवलंस. मी कळवलं, एकतर्फी कृती मान्य नाही. घ्यायला गेलो असतो तर तुझा दावा कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून तत्त्वासाठी घरी बसलो. तूही तत्त्वासाठी त्यांना चौकशीच्या खिडकीपाशी बसवून परतीची बस पकडलीस. दोघंही एकाच माळेचे मणी! बाबा मात्र दहा ते पाच बाकावर. खिडकीतल्या बाईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "आजोबा, कोणाकडे जायचंय?" बाबा म्हणाले, "अजून तीन दिवस कोणाकडेच नाही." मग बाबांकडून नंबर घेऊन बाईंनी फोनवर माझी जी खरडपट्टी काढली, ती इथे लिहीत नाही. तत्त्व गुंडाळून धावत गेलो.

घरी आल्यावर बाबांनी करार मागितला. चष्मा लावून अकराही कलमं वाचली आणि म्हणाले, "यात माझी सही कुठाय रे?" मी सांगायला गेलो की तुम्ही पक्षकार नाही, तुम्ही कराराचा विषय आहात, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून कराराची घडी घालत बसलो. ताई, ज्यांच्यावर सत्ता चालते त्यांना विचारल्याशिवाय ती न्याय्य ठरत नाही, हे मी एकतीस वर्षं घसा फोडून शिकवतोय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! फार लाज वाटली गं.  तेव्हापासून बाबांनी पिशवी दाराशीच ठेवलीय. दात घासून झाले की ब्रशसुद्धा परत पिशवीत जातो.

चूक तुझीच होती असं अजूनही मानणारा,
तुझा धाकटा

ता. क. करार रद्द करतोय. सोबतच्या कागदावर सही कर (कलम अकरा, दोघांचीही लागते).

आणखी ता. क. आज बाबांना पहिल्यांदाच विचारलं, तुम्हाला कुठे राहायचंय? म्हणाले, "दोघं समोर बसा, मग सांगतो." तेव्हा सही टपालाने नको. शनिवारी तूच ये.

शेवटचं ता. क. बसस्टँडवर घ्यायला मी येतो. ते तीन दिवस माझेच होते.