घुम्याची कबुली

४ मार्च

डावी पोटरी टम्म सुजलीय! मी म्हटलं, जिने चढून झालं असेल. घुमा ऐकेना. (घुमा म्हणजे माझा नवरा. दिवसाला दहा शब्द बोलला तरी डोक्यावरून पाणी.) आज मात्र एका दमात सात – "चप्पल घाल. गाडी खाली उभी आहे. चल."

पायात रक्ताची गुठळी निघाली. दाखल करून घेतलं.

५ मार्च

रक्त पातळ व्हायला पोटात सुई, दिवसातून दोनदा. घरीही द्यायचीय म्हणून नर्सनं घुम्याला शिकवलं. जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त करणारा माणूस, माझ्या पोटापाशी आला की सुई धरून डोळेच मिटतो!

"कापड समज रे!"

"कापड ओरडत नाही."

८ मार्च

डॉक्टरीणबाई खोदून खोदून विचारत होती. दिवस किती वेळा गेले? दोनदा. दोन्ही बाळं? पाचव्या महिन्यात गेली. मग म्हणाली – गुप्तरोगाच्या तपासणीत कधी दोष निघाला होता?

मेल्याहून मेल्यासारखं झालं. हो म्हटलं. बावीस वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला. घुमा खिडकीबाहेर बघत राहिला.

ती म्हणाली, रक्तात काहीतरी वेगळं दिसतंय. बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू, मगच नक्की सांगते म्हणाली.

इथेच लिहिते, कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा तो रिपोर्ट घेऊन मी रडत बसले होते. घुमा म्हणाला, "माझ्याकडून आलंय. लग्नाआधीची चूक." दोघांनी इंजेक्शनं घेतली. वर्षभर मी त्याच्याशी धड बोलले नाही. मग केलं माफ. माणूस सोन्यासारखा आहे! पण माझी जीभ मेली – भांडण झालं की काढतेच, "तुझ्यामुळे गेली दोन्ही." तो मान खाली घालतो.

११ मार्च

घरी. स्वयंपाक घुम्याचा, भाजीत मीठ नाही. दोनदा वाढून घेतली.

२० मार्च

सुई बंद. आता गोळी, बहुतेक जन्मभर. पालेभाजी रोज तेवढीच खायची, नाहीतर गोळीचं गणित चुकतं. घुमा वाटीनं मोजून वाढतो. काय हा छळ!

४ जून

दुसरी तपासणीही तशीच आली. आजाराचं नाव भलं लांबलचक – अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. माझंच शरीर माझ्या रक्तात गुठळ्या करवतं. बाळं त्यामुळेच गेली असणार. आता अशा बायकांना गरोदरपणी हीच सुई देतात, दहातल्या सात-आठ जणी बाळ घेऊन घरी जातात. ऐकून मी तिथेच रडले.

मग डॉक्टरीणबाई म्हणाली, "तो जुना रिपोर्टही यामुळेच खोटा आला. तसला रोग तुम्हाला कधी नव्हताच." रोग बरा झाला तरी त्याची खूण रक्तात राहते म्हणे; घुम्याचंही रक्त तपासून झालंय, स्वच्छ. त्यालाही कधीच नव्हता.

घरी येऊन घुम्यानं पालेभाजीची वाटी मोजून वाढली.

५ जून

सकाळी विचारलं, "मग तुझी चूक कसली होती?"

"कसलीच नाही."

"कबूल कशाला झालास मग?"

त्यानं चमचा पुसून ठेवला. "मला वाटलं, चूक तुझी असेल. तू फार रडत होतीस."

बावीस वर्षं! मला माफ केलंय, हे त्यानं मला एकदाही कळू दिलं नाही.