रुहीसाठी बारा आठवडे

४ फेब्रुवारी २००८, सोमवार
आज डगला सांगायचंच. डग म्हणजे माझा मॅनेजर. आश्लेषाची मॅटर्निटी लीव्ह २९ तारखेला संपते. पुढचे बारा आठवडे रुहीला मी सांभाळणार. प्लॅन माझाच, रंगीत एक्सेल शीटसकट. डेकेअरमध्ये जागा थेट जूनमध्ये. तिथली फी ऐकून आश्लेषा म्हणाली, एवढ्या पैशांत पुण्यात एक पोर इंजिनिअर होईल.
डगचा मूड बरा नव्हता. उद्या.

८ फेब्रुवारी
आमच्या ट्रॉय गावभर बर्फ. डग घरून काम करतोय. असल्या गोष्टी फोनवर सांगत नाहीत.

१३ फेब्रुवारी
आश्लेषा रडली. म्हणाली, पोरगी दहा आठवड्यांची झाली तरी तुझ्या तोंडून एक वाक्य निघेना. जमत नसेल तर मीच नोकरी सोडते. म्हटलं, वेडी आहेस का, मी आहे ना! मग रुही रडली. मलाही रडू आलं होतं, पण डायपर बदलायचा होता.

१४ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
पाठवली! मेल पाठवली! "डिअर डग, ड्यू टू माय बेबी, आय ॲम लीव्हिंग फ्रॉम मार्च थर्ड. थँक यू फॉर एव्हरीथिंग." आश्लेषा म्हणत होती, आधी मला दाखव. कशाला? दहावीला इंग्रजीत ब्याऐंशी होते मला.
८.२५. डगचं उत्तर. "सॉरी टू लूज यू. ॲक्सेप्टेड." पंधरा मिनिटांत मंजूर! आणि बारा आठवड्यांसाठी केवढी ती हळहळ! उगाच घाबरत होतो.

२१ फेब्रुवारी
शेजारच्या क्युबिकलमधल्या शंतनूने कॉफी मशीनपाशी गाठलं. कुठे जातोयस, म्हणे. म्हटलं, घरी. त्याने डोळा मारला. सांगू नकोस यार, पण माझाही रेझ्युमे पुढे सरकव. घरी कसला रेझ्युमे? बिनलग्नाचा माणूस, त्याला काय कळणार.

२८ फेब्रुवारी
माझ्यासाठी केक! वर "गुडबाय उल्हास". सगळे मिठी मारून गेले. बापाच्या रजेला काय मान आहे या देशात! आपल्याकडे टिंगल झाली असती. आश्लेषा म्हणाली, गुडबाय कशाला? म्हटलं, इथली पद्धत आहे.

२९ फेब्रुवारी, दुपारी ४, पार्किंग लॉट, गाडीत
एचआरच्या बाईने लॅपटॉप घेतला. बॅजही घेतला. म्हटलं, मे अखेरीस हे परत कोण देईल? तिने माझ्याच मेलची प्रिंट काढून पुढ्यात ठेवली. लीव्हिंग. अहो, लीव्हवर जातोय म्हणायचं होतं मला!
धावत डगकडे. तो म्हणाला, या महिन्यात एक माणूस कमी करायचाच होता, तू आपणहून निघालास, फार उपकार झाले. आता ती जागाच उरली नाही.
ग्रीन कार्डाची फाइल याच कंपनीतून. चार वर्षं थांबलो होतो. देवा रे. हिला कुठल्या तोंडाने सांगू?

३ मार्च
अजून सांगितलं नाही. आश्लेषा ऑफिसला गेली. रुही बाटली घेत नाही, खांद्यावर टाहो फोडतेय. एका हाताने लिहितोय.
अकराला आश्लेषाचा फोन. आधी विचारलं, दूध प्यायली का. म्हटलं, पिईल. मग म्हणाली, बाराच्या बारा आठवडे दिलेत ना रे नक्की? म्हटलं, हवे तेवढे.
म्हणाली, देवमाणूस आहे तुझा डग. शनिवारी त्याला जेवायला बोलाव.