वजनाच्या दिवशी ताप

४ ऑगस्ट
आज खोटं बोलले. आमच्या दवाखान्यातर्फे शाळेत मुलांची वजनं घ्यायची होती. नर्स म्हणून काटा घेऊन मीच जाणार — आणि लेक त्याच शाळेत, चौथीत. सकाळी तिला म्हटलं, अंग गरम लागतंय, घरीच राहा. तिनं स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. दप्तर परत खुंटीला अडकवलं.

एकशे बारा मुलं झाली. वजन जास्त भरलेल्या अकरा जणांच्या पालकांना बोलावून खाण्यापिण्याचं समजावलं. एकीला तर म्हटलं, आई म्हणून सांगतेय. जीभ कशी झडली नाही माझी!

५ ऑगस्ट
घरी तिला काट्यावर उभं केलं. नऊ वर्षं, अठ्ठेचाळीस किलो. बिस्किटं, सरबताच्या बाटल्या कपाटात कुलपात. नवरा म्हणाला, वाढतं वय आहे, होईल नीट. त्याच्यावरच खेकसले.

९ ऑगस्ट
रोज वजन. रोज तिचा चेहरा उतरतो, काटा नाही.

१३ ऑगस्ट
शाळेतून फोन — मैदानावर चक्कर येऊन पडली. तीन दिवस डबा मैत्रिणीला देत होती.

आमच्याच डॉक्टरबाईंकडे नेलं. तोंड कुठे लपवू असं झालं. त्यांनी तिचं रक्त तपासायला पाठवलं, मग मला विचारलं, संध्याकाळी हिच्याबरोबर कोण जेवतं? कोणीच नाही. माझी दुपारपाळी, नवऱ्याचं दुकान. ती, टीव्ही आणि, कुलूप लागेपर्यंत, बिस्किटांचा पुडा.

“पोरीला उपाशी मारायचं नाही,” त्या म्हणाल्या. “काटा उचलून ठेवा. सरबत घरात आणूच नका, कोणासाठीच. बदलायचं ते सगळ्या घरानं.”

वेळेवर झोप, रोज तासभर मैदान — पुढचं मला पाठच होतं. दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

२ सप्टेंबर
सकाळपाळी मागून घेतली. तिघं एकत्र जेवतो. नवऱ्यानं चहातली साखर निम्मी केली, तोंड एवढंसं करून. लेक पोटभर जेवते, हसते. फक्त खेळायला जात नाही. खाली मुलींचा खेळ रंगतो, ही खिडकीतून बघते. म्हणते, पाय दुखतात.

५ सप्टेंबर
भाजी निवडताना आपणहून बोलली. खाली सगळ्या तिला ‘रणगाडा’ म्हणतात. माझं डोकंच फिरलं. विचारलं, कोणी ठेवलं हे नाव?

ती शेंगा मोडत राहिली.

“तूच, आई. जिन्यात शेजारच्या काकूंना सांगत होतीस. आम्ही सगळ्या खालीच खेळत होतो.”

आठवतंय मला. दोघी खूप हसलो होतो.