भाऊजी कुठल्या रकान्यात?

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. शेवटचं वर्ष अर्धवट सोडून, सामान बांधून पंचवीस तारखेला घरी येतेस म्हणे. बांधू नकोस. आधी हे सगळं वाच. फोनच केला असता, पण तो भाऊजींच्या, म्हणजे तुझ्या धाकट्या आजोबांच्या, खिशात असतो. म्हणून तिसरीपर्यंतच्या शिक्षणावर लिहायला बसलेय, काने-मात्रे तू सांभाळून घे.

सुट्टीत तू मला ते शब्द शिकवलेस ना, वेगवेगळे जीव एकत्र कसे राहतात त्याचे? काय गोड शब्द गं! मशीनवर गणवेशांच्या बाह्या जोडताना तेच घोळवत असते. दोघांचं भलं होतं ते सहजीवन, मुंग्या आणि पानांवरची मावा कीड. एकाचं पोट भरतं नि दुसऱ्याचं काही जात नाही तो सहभोजी, म्हशीच्या पाठीवरचा बगळा. आणि दुसऱ्याचा रस पिऊन जगतो तो परजीवी. आम्ही त्याला बांडगूळ म्हणायचो, पण तुझा शब्द कसा इस्त्री केलेला वाटतो.

आता तूच सांग, तुझे आजोबा गेल्यावर ‘वहिनी एकट्या कशा राहतील’ म्हणून आठ दिवसांसाठी आलेला आणि अकरा वर्षं राहिलेला माणूस कुठल्या रकान्यात घालायचा? मी मन मोठं करून वरून सुरुवात केली. सहजीवन म्हणावं, तर त्यांच्याकडून मला मिळतं काय? सकाळी पेपर मोठ्यानं वाचतात, तोही निधनाच्या बातम्या, आणि मधेमधे आपल्या जुन्या साहेबाचा उद्धार. बरं, सहभोजी म्हणावं, तर बाई, म्हैस काही बगळ्याचे लेंगे धूत नाही. बगळा पाठीवर बसून चहात साखर कमी आहे म्हणत नाही, आणि चारचौघांत ‘हिला मीच सांभाळतो’ असं तर मुळीच सांगत नाही.

पण तू म्हणाली होतीस, नुसतं बघून ठरवायचं नाही, दोघांना वेगळं करायचं आणि कोण सुकतं ते पाहायचं. केलं की मी! गेल्या महिन्यात एका सोमवारी एकाच घरात वेगळी झाले. माझ्यापुरता चहा, माझ्यापुरता भात, माझेच कपडे. वहिनी, रागावलात का, म्हणून विचारलं त्यांनी. म्हटलं, छे हो, अभ्यास चाललाय. मंगळवारी भाऊजी गॅस कसा पेटवतात ते विचारायला शेजारच्या नर्सबाईंकडे गेले. पस्तीस वर्षं कचेरी चालवलेला माणूस! बुधवारी केळी. गुरुवारी सदरा उलटा घालून, मळलेली बाजू आत. आणि मी? पंधरा दिवसांचं काम पाच दिवसांत उरकलं, दुपारी चक्क घोरले. नर्सबाई म्हणाल्या, आजी, चेहरा उजळलाय, काय लावता?

शुक्रवारी भाऊजी गुपचूप पोस्टात गेले. मला वाटलं, मुलाला लिहितायत. तुला लिहिलं होतं ते कालच्या तुझ्या पत्रातून कळलं. काय, तर आजीच्या हातांना कंप सुटलाय, सुई ओवता येत नाही, घरात चूल पेटत नाही, नातीनं आता यायलाच हवं. अगं, त्यांच्यापुरती चूल पेटत नाही एवढंच खरं. हात कसे आहेत ते या ओळींवरून बघ. वाकड्या आहेत, पण तिसरीतही अशाच होत्या.

त्यांना नवं झाड हवंय, एवढंच. त्यांच्या मुलाला मी निरोप धाडलाय, रविवारी येऊन वडिलांना घेऊन जा. त्यांची मला फिकीर नाही. पण खरं सांगते, तू येणार वाचून मला इतका आनंद झाला की मी लगेच तुझी गादी उन्हात टाकली. गादी झटकताना हातच थांबला. तुझं वर्ष गिळून मी मजेत बसले, तर मग मी कोण झाले गं? गादी परत आत नेली. परीक्षा दे. पेपर संपले की ये, त्याआधी आलीस तर दार उघडणार नाही, बाहेर उभी राहून हवं तेवढं ओरड.

आतून कडी लावून बसलेली, पण तुझीच,
आजी